तगर गेले कुठे?

प्रश्न : तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलो की तेरणेकाठची टेकाडे दिसतात. इथे रोमशी व्यापार करणारे मोठे शहर होते म्हणतात. मग ते भूकंपात गडप झाले, की दुष्काळाने ओस पडले? – एक वाचक, येरमाळा

उत्तर : शहर होते, यात शंका नको. इ.स.च्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ हे फार मोठे नगर असल्याची नोंद आहे. तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई. हे तगर म्हणजे जुन्नर की दौलताबाद, असा घोळ विद्वानांत बरीच वर्षे चालला. शेवटी १९०१ च्या सुमारास फ्लीट यांनी ते तेर असल्याचे दाखवून दिले.

आता भूकंप. १९९३ च्या किल्लारीनंतर आपल्याकडे कुठलेही पडके दिसले की तोच आठवतो, हे साहजिक आहे. पण तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिर कित्येक शतके उभे आहे. मग शहर जमिनीखाली का? मातीची घरे पडतात, ढिगारा सपाट करून वर नवी बांधतात. असे पिढ्यान्‌पिढ्या होत टेकाड चढते. तीच आपली ‘पांढरी’. शहर गडप झाले नाही, स्वतःवरच चढत गेले.

दुष्काळाचा संशयही फारसा टिकत नाही. पाऊस इथला बेभरवशाचा खरा, पण तेरखेड्याकडून, म्हणजे तुमच्या शेजारूनच, येणारी तेरणा गावाला लागून वाहते, आणि तगरची श्रीमंती शेतापेक्षा पेठेवर उभी होती.

घात झाला तो पेठेचा. तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता मोडली, रोमशी व्यापारही ओसरला. दूरचे गिऱ्हाईक तुटले, तसे विणकर, मणी घडवणारे, शंखाच्या बांगड्या कापणारे यांचे काम घटले. काम घटले की कारागीर पांगतात आणि पेठ लहान होते. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक मूर्ती इटलीत पाँपेईला मिळाली आहे. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत पाहता पाहता गाडले गेले. तगरचे तसे काही झाले नाही.

म्हणून ‘ओस पडले’ हेही पुरते खरे नाही. वैभव सरल्यावर कित्येक शतकांनी कोकणचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून मिरवत होते (जुन्या नावाची ऐट केवढी!), आणि तेराव्या शतकात गोरोबाकाका इथेच मडकी घडवत होते. शहराचे गाव झाले, इतकेच.

पुढच्या खेपेला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जरूर डोकवा. टेकाडांवर वर आलेल्या वस्तू लामतुऱ्यांनी जमवल्या, म्हणून त्या आज पाहायला मिळतात. तुम्हालाही पावसानंतर एखादा मणी दिसला, तर खिशात न टाकता तिथे नेऊन द्या.