सामान्य विज्ञान : घरातील धूर

हवा केवळ शहरांतील कारखान्यांमुळे व मोटारींमुळे दूषित होते, हा समज अपुरा आहे. चुलीत लाकूड व गोवऱ्या जळतात, तेथे ज्वलन पूर्ण होत नाही. इंधन ओले असल्यास धूर अधिकच होतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू व काजळीचे सूक्ष्म कण निघतात. हे कण नाकात न अडकता थेट फुप्फुसांत उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

प्रात्यक्षिक : दोन पांढऱ्या पुठ्ठ्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. एक स्वयंपाकघरात, विस्तवापासून दूर टांगावा. दुसरा शाळेच्या व्हरांड्यात. आठवड्यानंतर विद्यार्थ्यांनी दोहोंचा रंग ताडून पाहावा.

सूचना : ज्यांच्या घरी चूल आहे, त्या मुलांस कमीपणा वाटेल असे बोलू नये, इंधन ऐपतीनुसार ठरते. वाळलेले सरपण, उघडी खिडकी व धुरापासून दूर ठेवलेले तान्हे मूल, एवढे मात्र प्रत्येक घरी साधण्याजोगे आहे.