क्रेडिट कार्डने इन्कम टॅक्स भरून पॉइंट कमवायचे? आधी हा हिशोब मांडा



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय सांगलीच्या बॅचमधून आला. लेक्चर संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "सर, रीलमध्ये बघितलं की टॅक्स क्रेडिट कार्डने भरला की पॉइंट मिळतात, फुकट विमानप्रवास होतो. टॅक्स तर भरायचाच आहे, मग पॉइंट का सोडायचे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. मी स्वतः याच विचाराने एकदा कार्ड घासलं होतं. व्हिडिओत आकडे पटापट जातात, म्हणून इथे सगळं लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

माझा ९४४ रुपयांचा धडा

मार्च २०२३. साताऱ्यात माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. त्या वर्षी ॲडव्हान्स टॅक्स ८०,००० रुपये निघाला. खात्यात पैसे होते. पण हातात नवीन क्रेडिट कार्ड होतं आणि डोक्यात पॉइंट होते. १५ मार्चला पोर्टलवर गेलो, पेमेंट गेटवे निवडलं आणि कार्डने पैसे भरले.

स्क्रीनवर गेटवेचा चार्ज दिसत होता : १ टक्का म्हणजे ८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १४४ रुपये. एकूण ९४४. म्हटलं जाऊ दे, पॉइंटमधून निघतील.

महिन्याचं स्टेटमेंट आलं. त्या व्यवहारावर पॉइंट : शून्य. कस्टमर केअरला फोन केला, तर उत्तर मिळालं की टॅक्स आणि सरकारी पेमेंटवर या कार्डला पॉइंट नाहीत, अटींमध्ये लिहिलंय. बघितलं तर खरंच लिहिलं होतं. चूक बँकेची नव्हती, माझी होती. बीबीए केलेला माणूस, दुसऱ्यांना कॉस्टिंग शिकवतो, आणि स्वतः अटी न वाचता ९४४ रुपये घालवले.

पण ९४४ ही स्वस्तातली फी झाली. महाग पडलेली गोष्ट पुढे सांगतो.

आधी हे बघा : तुम्हाला टॅक्स लागतोय का?

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नवीन टॅक्स रिजीममध्ये वैयक्तिक करदात्याचं नेहमीचं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे टॅक्स शून्य होतो. उत्पन्न म्हणजे उलाढाल नाही, नफा. त्यामुळे प्रोप्रायटरशिपमध्ये छोटा धंदा करणाऱ्या बऱ्याच जणांना रिटर्न भरावं लागेल, पण टॅक्स भरावा लागणार नाही. पार्टनरशिप फर्मला मात्र हा रिबेट नाही. तिथे फर्मच्या नफ्यावर सरळ ३० टक्के आणि वर सेस.

वर्षाचा टॅक्स १०,००० किंवा जास्त निघत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरायचा. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवणारी प्रिझम्प्टिव्ह स्कीम घेतली असेल तर एकच हप्ता, १५ मार्चपर्यंत.

कार्डने भरायचं कसं?

आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर 'ई-पे टॅक्स' उघडा. पॅन आणि मोबाईल नंबर टाका, ओटीपी येईल. मग वर्ष निवडा आणि प्रकार निवडा : ॲडव्हान्स टॅक्स (१००) की सेल्फ असेसमेंट (३००). इथे घाई करू नका. वर्ष चुकलं तर पैसे सरकारकडे जातात, पण तुमच्या रिटर्नमध्ये दिसत नाहीत. नवीन आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात 'असेसमेंट इयर'ऐवजी 'टॅक्स इयर' शब्द आलाय, म्हणून शंका असेल तर सीएंना एक फोन करा.

पुढे पेमेंटचे पर्याय येतात. नेट बँकिंग, डेबिट कार्ड, बँकेत जाऊन भरणं, एनईएफटी-आरटीजीएस आणि पेमेंट गेटवे. क्रेडिट कार्ड गेटवेमध्ये मिळतं. तिथे वेगवेगळ्या बँकांचे गेटवे असतात आणि प्रत्येकाचा चार्ज थोडा वेगळा असतो. साधारण एक टक्क्याच्या आसपास, अधिक जीएसटी. कन्फर्म करण्याआधी चार्ज दिसतो, तो वाचा.

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डला हा चार्ज नाही. सप्टेंबर २०२४ पासून टॅक्ससाठी यूपीआयची मर्यादा एका व्यवहाराला ५ लाख झाली आहे. आपल्यासारख्यांचा टॅक्स त्यात आरामात बसतो. म्हणजे फुकटचा रस्ता समोर आहेच. कार्डचा रस्ता टोल देऊन घ्यायचाय, तर टोलपेक्षा जास्त काहीतरी मिळालं पाहिजे.

ब्रेक-इव्हन : १.१८ टक्के

हा आकडा वहीत मोठा लिहा. चार्ज १ टक्का धरला तर जीएसटीसकट १.१८ टक्के खर्च. तुमच्या कार्डचा परतावा यापेक्षा कमी असेल तर तोटा. ८०,००० रुपयांच्या टॅक्सवर तीन कार्डं तपासू :

कार्ड अ : दर १०० रुपयांना १ पॉइंट, एका पॉइंटची किंमत २५ पैसे. ८०० पॉइंट म्हणजे २०० रुपये. खर्च ९४४. तोटा ७४४.

कार्ड ब : टॅक्सवर पॉइंट नाहीत. मिळाले ०, खर्च ९४४. तोटा ९४४. (हे माझं कार्ड.)

कार्ड क : बिझनेस कार्ड, टॅक्सवरही पॉइंट देतं, खरा परतावा २ टक्के. मिळाले १,६००, खर्च ९४४. फायदा ६५६.

'क'सारखी कार्डं असतात, खोटं नाही. पण त्यांची वर्षाची फी किती, महिन्याला पॉइंटची कमाल मर्यादा किती, पॉइंट वापरताना फी लागते का, हे वजा करा. वर्षाची फी २,००० असेल तर ६५६ चा फायदा कुठे गेला ते तुम्हीच बघा.

बँकेला कसं कळतं की हा टॅक्सचा व्यवहार आहे? प्रत्येक दुकानदाराला कार्ड कंपन्यांचा चार आकडी कोड असतो. टॅक्स पेमेंटचा कोड ९३११. बऱ्याच बँकांनी टॅक्स आणि सरकारी पेमेंट पॉइंटमधून वगळलेत, आणि काही बँका ते वार्षिक फी माफीच्या खर्चातही धरत नाहीत. म्हणून कार्डच्या अटींमध्ये 'टॅक्स' आणि 'गव्हर्नमेंट' हे दोन शब्द शोधा. अटी बदलत राहतात, त्यामुळे मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघून ठरवू नका. माझा असला तरी नाही.

महाग पडलेली गोष्ट

आमच्या बॅचमधले एक दादा. सांगलीत हळद पावडर पॅकिंगचा छोटा धंदा. मार्च २०२४ मध्ये त्यांनी ६०,००० टॅक्स कार्डने भरला. विचार असा की पॉइंटही मिळतील आणि पैसे महिनाभर हळद खरेदीला वापरता येतील. खरेदी झाली, माल दुकानांना उधारीवर गेला, उधारी वेळेवर आली नाही. बिल आलं तेव्हा दादांनी 'मिनिमम ड्यू' ३,००० भरले आणि म्हणाले, "चला, सुटलो."

सुटले नव्हते. बाकी पुढे ओढली की बिनव्याजी दिवस संपतात. नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. दादांनी त्याच कार्डवर आणखी ४०,००० ची कच्ची हळद घेतली. बाकी ९७,०००. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे ३,३९५, त्यावर जीएसटी ६११. महिन्याला जवळपास ४,००० रुपये, आणि मुद्दल तसंच. पुढच्या तीन महिन्यांत अकरा-बारा हजार गेले. पॉइंट मिळाले दीडशे रुपयांचे.

शेवटी वहिनींच्या भिशीचे पैसे आले तेव्हा कार्ड बंद झालं. ते पैसे मुलीच्या ॲडमिशनसाठी ठेवले होते. हे सांगताना दादा खाली बघत होते, म्हणून मी बॅचमध्ये पुढे काही विचारलं नाही. पण त्यांनी स्वतःच सांगितलं, "सर, हे सगळ्यांना सांगा."

पैसे कमी असतील तर काय?

इथे कार्ड कधीकधी खरंच कामाला येतं, पण पॉइंटसाठी नाही, वेळेसाठी. समजा प्रिझम्प्टिव्ह स्कीममध्ये ६०,००० टॅक्स आहे, १५ मार्चला पैसे नाहीत आणि उधारी १० एप्रिलला नक्की येणार आहे.

पर्याय १, थांबायचं : १५ मार्च चुकल्याचं १ टक्का व्याज, आणि १ एप्रिलनंतर गेल्यामुळे आणखी १ टक्का. एकूण १,२००.

पर्याय २, कार्ड : चार्ज ७०८. पण बिल ड्यू डेटला पूर्ण भरलं तरच.

पर्याय ३, सीसी किंवा ओव्हरड्राफ्ट : ११ टक्के दराने २६ दिवसांचं व्याज साधारण ४७०.

म्हणजे सीसी खातं असेल तर तेच स्वस्त. नसेल तर कार्ड थांबण्यापेक्षा बरं. आणि उधारी ३१ मार्चच्या आत येणार असेल तर थांबण्याचा खर्च फक्त ६००, कार्डपेक्षाही कमी. मात्र हे गणित एकाच हप्त्याच्या स्कीमचं आहे. चार हप्ते असतील तर सीएंकडून काढून घ्या.

चार सापळे

पहिला : मित्रांचा, पाहुण्यांचा टॅक्स आपल्या कार्डवर भरायचा आणि त्यांच्याकडून रोख घ्यायची. वर्षात १० लाख किंवा जास्त कार्ड बिल भरलं तर बँक ते आयकर खात्याला कळवते. रोखीत १ लाख भरले तरी कळवते. तुमचं उत्पन्न ८ लाख आणि कार्ड बिल १५ लाख, तर प्रश्न येणारच. शिवाय २०,००० किंवा जास्त उसनवारी रोखीत परत करणं कायद्यात बसत नाही.

दुसरा : जास्त टॅक्स भरून रिफंड घ्यायचा, पॉइंट राहतील. रिफंड रिटर्न प्रोसेस झाल्यावर येतो, कार्डचं बिल महिन्यात येतं. मधले महिने पैसे कोण देणार?

तिसरा : कर्जाचा अर्ज चालू असताना कार्ड भरायचं. १ लाखाच्या लिमिटमधले ८०,००० वापरले की सिबिलमध्ये तो वापर दिसतो. मुद्रा किंवा सीएमईजीपीची फाईल बँकेत असेल तर त्या दोन महिन्यांत हा उद्योग नको.

चौथा : शेवटच्या तारखेला रात्री भरायला बसणं. व्यवहार अडकला तर लिमिटही अडकते आणि तारीखही जाते. दोन-तीन दिवस आधी भरा, चलन डाउनलोड करा आणि नंतर एआयएसमध्ये रक्कम आली का बघा.

झिरो पेमेंटचा नियम

तासगाव-सांगलीच्या बेदाणा बाजारात दिवाळीच्या सुमाराला सौदे थांबवून झिरो पेमेंट करतात. मागचं सगळं देणं-घेणं शून्य करायचं, मगच नवीन सौदा. आपल्या भागातल्या व्यापाऱ्याला हे कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

क्रेडिट कार्डला हाच नियम लावा. दर महिन्याला झिरो पेमेंट. ज्या महिन्यात बाकी शून्य करता येणार नाही असं वाटतं, त्या महिन्यात टॅक्स कार्डवर टाकायचा नाही. मी आता टॅक्ससाठी वेगळं खातं ठेवलंय. रोजच्या गल्ल्यातून थोडी रक्कम त्यात टाकतो आणि मार्चमध्ये यूपीआयने भरतो. पॉइंट शून्य, चार्ज शून्य, आणि रात्री झोप लागते.

या आठवड्याचा होमवर्क

१. यंदाच्या टॅक्सचा अंदाज काढा. शून्य असेल तर हा लेख मित्राला पाठवा.
२. कार्डच्या अटींमध्ये टॅक्स पेमेंटवर पॉइंट आहेत का शोधा.
३. परतावा टक्क्यांत काढा आणि १.१८ शी तुलना करा.
४. ड्यू डेटला पूर्ण बिल कुठल्या पैशातून भरणार, ते एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता आली नाही तर कार्ड खिशातच ठेवा.

त्या सांगलीच्या ताईंनी हिशोब तिथेच वहीत मांडला. त्यांच्या कार्डवर पाव टक्का परतावा निघाला. हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सर, विमान नको, एसटीच बरी."

पुढच्या भागात उधारी वसुली. भेटू.