अनुसूचित जमातींची यादी व धनगरांचे मागणे

जामखेड तालुक्यातील चौंडी हे गाव अहिल्याबाई होळकर यांची जन्मभूमी म्हणून सर्वांस ठाऊक आहे. सन २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात ह्याच गावी धनगर समाजातील काही जण उपोषणास बसले होते. आपणांस अनुसूचित जमातींत घ्यावे, असे त्यांचे मागणे. आता, सरकारने मनात आणल्यास एका हुकुमाने हे होणार नाही काय, असा प्रश्न गावात कोणी विचारील. सुवार्तिकाने त्याचे उत्तर जाणून असावे.

'आदिवासी' हा शब्द आपण नित्य बोलतो, परंतु घटनेने तो घेतलेला नाही. जयपालसिंग मुंडा यांनी संविधान सभेत त्याचा आग्रह धरला होता. डॉ. आंबेडकरांचे म्हणणे असे की, त्या शब्दास कायद्यात ठराविक अर्थ नाही. अनुसूचित जमाती म्हटले म्हणजे कोण कोण, हे नावानिशी निश्चित होते. म्हणून ३४२ व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपती राज्यपालांचा विचार घेऊन यादी प्रसिद्ध करतात, आणि पुढे तीत नाव घालणे किंवा काढणे हे केवळ संसदेच्या हाती राहते. त्याकरिता घटना बदलावी लागत नाही, साधा कायदा पुरतो. पण तो दिल्लीसच व्हावा लागतो. राज्य सरकार शिफारस करू शकते, अधिक काही नाही. न्यायालयासही हा अधिकार नाही, असे हलबा-कोष्टी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सन २००० मध्ये स्पष्ट सांगितले. एज्राच्या दिवसांत वंशावळीत नाव न सापडल्यामुळे याजकपणास मुकलेली घराणी वाचकांस आठवतील.

महाराष्ट्राच्या यादीत 'ओरांव, धांगड' अशी नोंद आहे. धनगरांचे म्हणणे की, हा धांगड म्हणजे धनगरच होय, एका अक्षराची चूक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२४ रोजी हे म्हणणे अमान्य केले. आज धनगर समाज राज्याच्या भटक्या जमातींत मोडतो व त्यास साडेतीन टक्के जागा राखून आहेत. मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्याचे हाल ज्याने पाहिले आहेत, तो ह्या मागण्यास हसणार नाही.

तथापि ह्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, अकोले तालुक्यात, महादेव कोळी व ठाकर राहतात. राज्यात अनुसूचित जमातींस सात टक्के जागा आहेत. मोठा समाज त्यांत आला तर आमच्या लेकरांस काय उरेल, हे आदिवासींचे भय खोटे म्हणता येत नाही. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांच्या काही आमदारांनी मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, त्या ह्याच कारणास्तव. ह्या वादात मापास घेतात त्या कसोट्या १९६५ सालच्या लोकूर समितीच्या आहेत, आणि त्यांत इतरांत मिसळण्याचा संकोच हीही एक आहे! आठवड्याच्या बाजारास जाणाऱ्या माणसास ही कशी लावावी, हे आम्हांस तरी कळत नाही.

बरे, नाव यादीत असले म्हणजे काम झाले असेही नाही. पारध्यांचे नाव तीत आहे. परंतु दाखल्याकरिता ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांस गुन्हेगार जमातींच्या कायद्याने १९५२ पर्यंत जन्मतःच चोर ठरविले व गावोगावहून हाकलले, त्यांच्या आज्याचा कागद कोठून येणार?

आता आपल्या मंडळ्यांपुरते. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. त्यात आरंभी हिंदू, १९५६ पासून शीख व १९९० पासून बौद्ध येतात, ख्रिस्ती येत नाहीत. त्यामुळे महार व मांग कुळांतील आपल्या बांधवांस त्या सवलती मिळत नाहीत. जमातींच्या यादीस मात्र अशी अट नाही. पारधी किंवा भिल्ल कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, एवढ्यावरून त्याचे नाव जात नाही. तेव्हा अशा घरचे मूल शाळेत घालताना नोंदबुकात नुसते 'ख्रिस्ती' लिहिले की जमातीचे नावही लिहिले, हे सुवार्तिकाने मास्तरांजवळ बसून त्याच दिवशी पाहावे.