नववीत वायरिंग कशाला?

प्रश्न : माझी भाची धारला असते. यंदा नववीत गेली. तिच्या शाळेत नववीपासून एक व्यावसायिक विषय घेता येतो आणि तिला इलेक्ट्रिकल घ्यायचं आहे. घरात त्यावरून रोज वाद. आजोबा म्हणतात, वायरमनच व्हायचं तर दहावीनंतर आयटीआय आहेच, शाळेत कशाला? शिवाय मुलीच्या जातीला विजेशी खेळ नको, शॉक-बिक लागला तर? तिच्या वडिलांना भीती की पुढे सायन्स मिळणार नाही. मुलीला तर इंजिनीअर व्हायचं आहे. काय सांगावं?
– एक मावशी, देवास

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. हा विषय म्हणजे आयटीआयच का, तो घेतल्यानं पुढची वाट बंद होते का, आणि वाट बंद होत नसेल तरी चौदाव्या वर्षी तो शिकून मिळतं काय. पहिल्या दोन गाठी लवकर सुटतात, त्या आधी सोडवू.

आयटीआय हा दहावीनंतरचा, काही धंद्यांसाठी आठवीनंतरचाही, वर्ष-दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. तिथून बाहेर पडणारा मुलगा कारागीर म्हणून कामाला उभा राहावा, हा त्याचा हेतू. शाळेतला व्यावसायिक विषय आठवड्याला थोड्या तासांचा असतो. बाकीची शाळा जशीच्या तशी चालू राहते. २०१३ साली आलेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याला धरून हे विषय बेतले आहेत. त्यांचे अभ्यासक्रम आणि पुस्तकं तयार करणारी एनसीईआरटीची केंद्रीय संस्था तुमच्या जवळच, भोपाळला आहे, १९९३ पासून. म्हणजे या विषयानं भाची वायरमन होणार नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर तिला नोकरीही मिळणार नाही. कुणी तसं सांगत असेल तर तोही गैरसमजच.

आता सायन्सचं. अकरावीला विज्ञान घ्यायला दहावीचं गणित आणि विज्ञान लागतं. शाळेला एवढंच विचारून घ्या की हा विषय जादा आहे की दुसऱ्या एखाद्या विषयाच्या जागी. गणित-विज्ञान शाबूत असेल तर वडिलांनी निर्धास्त राहावं. शाळा सीबीएसईची असेल तर उलट थोडा आधारच आहे: सहावा विषय म्हणून कौशल्य विषय घेतलेला मुलगा गणित, विज्ञान किंवा समाजशास्त्र यांपैकी एखाद्यात नापास झाला, तर त्याच्या जागी हा विषय धरला जातो. आणि पुढे कुणी खरोखरच आयटीआयच्या वाटेनं गेलं, तरी तिथून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेवरून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची सोय आहे. वाट लांबची आहे, पण ती अभियांत्रिकीपर्यंत जाते.

खरा प्रश्न तिसरा. शिकून मिळतं काय?

माळव्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, रब्बीत गव्हा-हरभऱ्याला पाणी देताना व्होल्टेज पडलं की काय होतं. तो सांगेल, मोटर जळते. आता दहावीचं विज्ञानाचं पुस्तक उघडा. ओहमचा नियम सांगतो की दाब कमी झाला की प्रवाहही कमी होतो. प्रवाह कमी तर उष्णता कमी. मग मोटर जळायला नको, थंड राहायला हवी! दोघांतलं खोटं कोण, शेतकरी की पुस्तक?

खोटं कुणीच नाही. ओहमचा नियम साध्या तारेला, इस्त्रीला, हीटरला नीट लागू पडतो. मोटर ही नुसती तार नव्हे. ती फिरत असताना तिच्यात बाहेरून येणाऱ्या दाबाला विरोध करणारा एक दाब आपोआप तयार होतो, आणि तोच प्रवाहाला आवरून धरतो. पंपाला पाणी तर तेवढंच उपसायचं असतं. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते, विरोध कमी पडतो, प्रवाह वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर वेटोळ्यातली उष्णता चौपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे शेवटचं वाक्य पुस्तकात असतंच, पण बहुतेक मुलं ते दोन गुणांसाठी पाठ करतात. ज्या मुलीनं एकदा जळकी मोटर उघडून काळी पडलेली वेटोळी पाहिली, तिच्यासाठी ते वाक्य पाठ करण्याचं राहत नाही. ताई, इंजिनीअर व्हायचं असलेल्या मुलीला याहून चांगली तयारी कोणती, मला सांगता येणार नाही.

विजेचंच असं नाही. तुमच्या भाचीच्या जिल्ह्यातलं बाग गाव घ्या. तिथल्या छपाईत कापड हरड्यात बुडवतात, मग लाकडी ठशांनी तुरटीची आणि लोहक्षाराची खळ छापतात. ती खळ चिंचोक्याची. पुढे अलिझरिन आणि धायटीची फुलं घातलेल्या पाण्यात कापड उकळलं की तुरटीच्या जागी लाल उमटतो, लोखंडाच्या जागी काळा. रंग एकाच हंड्यात मग दोन कसे? कारण तुरटीतलं ॲल्युमिनिअम अलिझरिनला धाग्याशी बांधून ठेवतं, आणि लोह हरड्यातल्या टॅनिनशी मिळून काळं होतं. जिथे काहीच छापलेलं नाही तिथला रंग धुऊन निघतो. रसायनशास्त्राचा एवढा चांगला तास कुठल्या प्रयोगशाळेत मिळेल? पण शेजारच्या गावची हायस्कुलं तो तास फळ्यावरच घेतात, याचं मला वाईट वाटतं.

आजोबांना मात्र आणखी जुना दाखला द्या. अकराव्या शतकात धार ही राजा भोजाची राजधानी होती. त्याच्या नावावरचा 'समरांगणसूत्रधार' हा वास्तू आणि यंत्रांवरचा ग्रंथ. त्यात स्थपती कसा असावा याचं प्रकरण आहे. ज्याला नुसतं शास्त्र येतं आणि हाताला सराव नाही, तो कामाच्या वेळी रणांगण पाहून भ्यालेल्या माणसासारखा गोंधळतो, असं तिथे म्हटलं आहे. आणि ज्याला नुसतं काम येतं, शास्त्र नाही, त्याला आंधळ्यासारखं दुसऱ्यानं हाताला धरून न्यावं लागतं. आपण शाळेत पहिला प्रकार घडवतो, कारखान्यात दुसरा, आणि मग दोघांची गाठ पडत नाही म्हणून तक्रार करतो.

अशी फाळणी झाली कशी? १८८२ च्या हंटर आयोगानं हायस्कुलाच्या वरच्या वर्गांचे दोन भाग सुचवले: एक विद्यापीठाच्या प्रवेशाकडे नेणारा, दुसरा व्यापार-उद्योगाकडे. पुस्तकी वाटेला सरकारी नोकरी होती, म्हणून हुशार मुलं तिकडे वळली आणि दुसऱ्या वाटेवर 'उरलेल्यांची' असा शिक्का बसला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानं बहुउद्देशीय शाळा सुचवल्या, १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं प्रत्येक मुलाला कार्यानुभव हवा म्हटलं, पण तो शिक्का काही पुसला गेला नाही. गुण कमी पडलेल्यांनाच आपण व्यावसायिक विषयाकडे ढकलतो आणि मग म्हणतो, बघा, तिकडे कमी गुणांचीच मुलं जातात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच आकडे दिले आहेत: १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळालेले भारतात पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६.

महाराष्ट्रात याला एक चांगलं उत्तर सापडलं होतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय घडवला. आठवड्यातला एक दिवस हातानं काम करण्याचा: लोखंड-लाकूड-बांधकाम, वीज, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. मुलं-मुली दोघांनाही सगळं. जोडकाम, वायरिंग, मातीची तपासणी अशी गावाच्या गरजेची कामं मुलं करतात आणि त्यातून शिकतात. 'मुलीला हे नको' हा प्रश्नच तिथे उरत नाही. तुमच्या आजोबांना हे आवर्जून सांगा.

आणि तुम्ही दोघी मावशी-भाची राहता कुठे ते पाहा. देवासला किर्लोस्करांचे पंप बनतात. त्या घराण्याचे मूळ उद्योजक लक्ष्मणराव मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, म्हणून यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, आणि तिथून नांगर-पंपांपर्यंत पोचले. धार जिल्ह्यात पिथमपूर आहे, जिथे ट्रक बनतात आणि गाड्या तपासण्यासाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक बांधला आहे. या कारखान्यांच्या भिंतीपलीकडे काय चालतं, हे परिसरातल्या चौदा वर्षांच्या मुलाला माहीत असू नये, हे मला पटत नाही.

एक इशारा मात्र मनापासून. हा विषय पुस्तकातून शिकवला तर त्यात काही अर्थ नाही. एका शाळेत मी स्वतः पाहिलं आहे: टेस्टर, मल्टिमीटर, पक्कड सगळं कपाटात कुलूपबंद, हरवेल म्हणून, आणि मुलं वहीत पकडीचं चित्र काढत होती. शिक्षकही पुष्कळदा वर्षा-वर्षाच्या कंत्राटावर असतात, मधूनच बदलतात. तेव्हा अर्ज भरण्याआधी तुम्ही किंवा तिचे वडील शाळेत जा. हत्यारं दाखवा म्हणा. ती झिजलेली, तेलकट असतील तर चांगली खूण. गेल्या वर्षीच्या मुलांनी स्वतः जोडलेला एखादा बोर्ड मागून बघा. कारखान्याची भेट झाली होती का, शिक्षक कोण, किती दिवसांपासून, हेही विचारा. उत्तरं नीट मिळाली नाहीत तर विषय बदला, त्यात कमीपणा नाही.

राहिला शॉक. चांगल्या वर्गात पहिले धडे वीज बंद ठेवूनच होतात, आणि सुरुवात होते ती अर्थिंगपासून. आजोबांना तीन पिनांचा एखादा प्लग हातात द्या. त्यातली वरची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. प्लग खोचताना ती सर्वांत आधी टेकते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते, म्हणजे उपकरणात वीज शिरण्याआधीच त्याची जमिनीशी जोडणी झालेली असते. ती पिन काढून दोन पिनांवर काम भागवणारी घरं धारमध्येही असतील, देवासमध्येही. तुमच्या घरात तसं कुठे केलेलं असेल, तर भाची दोन-तीन महिन्यांतच ते शोधून काढील आणि दुरुस्त करायला लावील.