राग ठोशांनी निवतो का?

प्रश्न : माझा 14 वर्षांचा मुलगा चिडला की धाकट्या बहिणीवर हात उगारतो. नातेवाईक म्हणतात, पंचिंग बॅग आणून द्या, राग बाहेर पडेल. आणावी का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, या कारणासाठी तरी आणू नका. साठलेला राग बाहेर काढला की माणूस शांत होतो, ही समजूत फार जुनी आहे, पण प्रयोगांत ती टिकलेली नाही. अमेरिकेत ब्रॅड बुशमन यांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 600 विद्यार्थ्यांच्या निबंधांवर बोचरे शेरे देऊन त्यांना चिडवलं गेलं. मग काहींनी शेरे मारणाऱ्याचा विचार करत बॅगेवर ठोसे मारले, काहींनी व्यायाम म्हणून मारले, काही नुसते बसून राहिले. पुढे त्या शेरे मारणाऱ्याला कर्कश आवाज ऐकवायची संधी सर्वांना मिळाली, तेव्हा पहिला गट सर्वांत आक्रमक निघाला आणि नुसता बसलेला सर्वांत कमी. ठोसे मारताना शरीर आणखी तापतं आणि मन तोच अपमान उगाळत राहतं.

राग चढू लागला की मुलाला दुसऱ्या खोलीत जाऊ द्या, संथ श्वास घ्यायला शिकवा. बोलणं नंतर, दोघंही निवल्यावर. धाकटीला मात्र त्या क्षणी आधी बाजूला घ्या.

आणखी एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं : घरात मोठ्यांपैकी कुणी हात उचलतं का? मुलं मारणं बघून शिकतात, हे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1961 मध्येच दाखवलं. शाळेत त्याला कुणी छळत नाही ना, हेही हळुवारपणे विचारा.