*कोंबडीखाद्य घोड्याला, गाढवाला देऊ नका*


ज्यांच्याकडे घोडी, खेचर किंवा गाढव आहे त्यांनी नक्की वाचा.

कोंबड्यांना रक्ती हगवण लागू नये म्हणून त्यांच्या खाद्यात अनेकदा मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन ही औषधं मिसळलेली असतात. गायी-म्हशींच्या काही खाद्यातही मोनेन्सिन असतं. त्यांना ते चालतं, पण घोड्याला थोडंसंही विष ठरतं. हृदय आणि स्नायू निकामी होतात. यावर उतारा नाही, आणि घोड्याला उलटीही होत नाही.

*काय कराल?*
✅ पोत्यावरचं लेबल वाचा. यापैकी नाव दिसलं किंवा लेबलच नसलं, तर घोड्याला नको.
✅ घोड्याचं घमेलं आणि पोती वेगळी ठेवा. सांडलेलं खाद्य झाडून घ्या.
✅ ३०० किलोच्या घोडीला रोज साधारण ६ किलो वाळलेली वैरण द्या. हरभरा, जव असा खुराक एका वेळी दीड किलोच्या आतच.

*⚠️ लक्षणं:* चारा सोडणं, घाम सुटणं, मागचे पाय लटपटणं, लोळणं.
असं खाद्य खाल्ल्याचा संशय असेल तर पोटशूळ समजून जनावर फिरवू नका, हृदयावर ताण येतो. जागेवर शांत ठेवा, खाद्य काढून घ्या आणि लगेच पशुवैद्यकांना बोलवा. उरलेलं खाद्य तपासणीसाठी जपून ठेवा.