चित्र विकले, हक्क कोणाकडे?

प्रश्न : इन्स्टाग्रामवरून विकलेल्या चित्राच्या प्रती ग्राहक छापू शकतो का?

उत्तर : आधीच काढून ठेवलेले चित्र विकले, की ग्राहकाच्या घरी जातो तो कॅनव्हास; स्वामित्वहक्क चित्रकाराकडेच राहतो. १९५७ च्या कायद्यानुसार तो चित्रकाराच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. चित्र दिवाणखान्यात टांगावे, पुढे विकावे. पण त्याचे मग किंवा कॅलेंडर छापायचे तर चित्रकाराची लेखी परवानगी हवी.

मोबदला घेऊन मागणीवरून काढलेल्या चित्राचे मात्र उलटे आहे, आणि फसगत होते ती इथेच. ‘आजीचा फोटो पाठवते, ॲक्रिलिकमध्ये काढून द्या,’ अशा ऑर्डरीत वेगळा करार नसेल, तर कलम १७ नुसार पहिला हक्क ग्राहकाचा. मग चित्रकाराला स्वतःच्याच चित्राचे प्रिंट विकता येत नाहीत. म्हणून आगाऊ रक्कम घेण्याआधीच ‘स्वामित्वहक्क चित्रकाराकडे राहील’ एवढी ओळ लेखी कबूल करून घेतलेली बरी.

हक्क चित्रकाराचा असेल आणि मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले, तर कलम ५३अ नुसार त्याला त्या रकमेत वाटा मागता येतो. कमाल १० टक्के. अर्थात, त्यासाठी ती विक्री झाल्याचे त्याच्या कानावर यायला हवे.